चिंता आली की आपण विश्वासणारे काय चुका करतो (या टाळा)

सगळ्यांना जय ख्रिस्त. मुलाची दहावी, होमलोनचा हप्ता, आईची शुगर, नवऱ्याची कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी, अशा रोजच्या चिंतांबद्दल लिहितेय. मोठं संकट आलं की मंडळी धावून येते, उपास होतात, पाळक घरी येऊन प्रार्थना करतात, पण हे रोजचं कुरतडणं माणूस एकटाच सोसतो आणि विश्वासात असूनही त्यात त्याच त्या चुका होत राहतात.

चिंता लपवणं

ही सगळ्यात मोठी. "विश्वास असेल तर चिंता कशी होईल" हे आपल्याकडे इतक्यांदा ऐकवलं जातं की चिंता वाटली की आधी लाजच वाटते, मग संडेला चर्चमध्ये कोणी विचारलं की "प्रभूच्या कृपेने सगळं ठीक" म्हणायचं आणि रात्री पंख्याकडे बघत जागं राहायचं. म्हणजे चिंता तर होतीच, वर आता अपराधीपणाही.

बायबलमध्ये असं कुठेय? फिलिप्पैकरांस 4:6 मध्ये कशाचीही चिंता करू नका म्हणणारा प्रेषित पौल, तोच 2 करिंथ 11:28 मध्ये लिहितो की सगळ्या मंडळ्यांची काळजी मला रोजच्या रोज असते. आणि फिलिप्पैच्या मंडळीला ते पत्र त्याने कैदेतून लिहिलंय, सगळं सुरळीत चाललेलं असताना नाही. स्वतः प्रभू येशू गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना जवळ घेऊन गेला आणि त्यांना सरळ सांगितलं की माझा जीव मरणाएवढा खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्यासोबत जागे राहा (मत्तय 26:38). त्याने तिघांना सांगितलं, आपण एकालाही सांगत नाही. स्तोत्र 13 तर "कोठवर" असं देवालाच विचारत सुरू होतं, आणि स्तोत्र 88 शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच आहे, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे अशी प्रार्थनाही देव ऐकून घेतो.

म्हणून एक माणूस निवडा. अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची गरज नाही, तिथून गोष्ट कुठे जाईल सांगता येत नाही. पोटात ठेवणारी एखादी ताई, एखादे वडीलधारे काका, आणि त्यांना "प्रार्थना करा" एवढंच न म्हणता नेमकं काय खातंय ते सांगा.

मोघम प्रार्थना

"प्रभू, सगळं चांगलं कर" म्हणून उठलो की दहा मिनिटांत तीच चिंता परत डोक्यात, कारण आपण ती नीट सांगितलेलीच नसते. पौल म्हणतो तुमच्या मागण्या देवाला कळवा, आणि आभारासह कळवा. मग वही घ्या, हप्त्याची तारीख कोणती, कमी किती पडतायत, कोणाशी बोलायचंय, सगळं लिहा आणि ते वाचत प्रार्थना करा. आभारही तसेच नेमके, आज कोणी मदत केली, कोणतं बिल भरून झालं. लिहिल्यावर एक गोष्ट लगेच दिसते, निम्म्या चिंता आजच्या नसतातच, पुढच्या एप्रिलच्या असतात. प्रभूने शिकवलेली प्रार्थना रोजची भाकर आज दे अशी आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तोही एका दिवसापुरता, सांगूनही काहींनी सकाळसाठी ठेवला आणि त्यात किडे पडले (निर्गम 16:20). शब्बाथासाठी मात्र आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं, त्यामुळे बचत करणं, पॉलिसी काढणं यात अविश्वास काही नाही.

प्रार्थना केली, आता हात जोडून बसायचं

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचा. यरुशलेमचा कोट बांधताना सनबल्लट आणि तोबीया हे विरोधक हल्ल्याची तयारी करत होते, तेव्हा 4:9 मध्ये काय आहे, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दोन्ही. अर्धे लोक काम करत होते, अर्धे भाले धरून उभे होते, आणि कोट 52 दिवसांत पूर्ण झाला. नोकरीसाठी प्रार्थना चालू असेल तर बायोडेटाही पाठवा, बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोला, आईची टेस्ट पुढे ढकलू नका.

वचन अर्धंच वाचणं

यिर्मया 29:11 सगळ्यांच्या स्टेटसला असतं, हिताचे संकल्प, आशा. पण ते पत्र बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. हनन्या नावाचा खोटा संदेष्टा त्यांच्याबद्दल सांगत होता की दोन वर्षांत सगळं मिटेल, यिर्मयाने सांगितलं 70 वर्षं लागतील, तोपर्यंत घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. मला हा भाग 11 व्या वचनाइतकाच धीर देतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची परिस्थिती लवकर बदलणारी नाही आणि तरी त्यातच जगायचं असतं. वचन पाठ करा, पण पूर्ण अध्याय एकदा तरी वाचा.

देवाशी सौदा करणं, "हे होऊ दे मग मी अमुक देईन", हेही टाळा. तो बाप आहे, मागितलं तरी पुरे.

एवढं करूनही जात नसेल तर

आधी शरीर बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता (1 राजे 19), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. तुम्ही नीट जेवताय का, किती झोपताय, रात्री बारापर्यंत मोबाईल हातात असतो का, हे तपासा, आणि चिंतेने बेजार असताना लांबलचक उपास धरू नका.

पण छातीत धडधड, झोप आठवडेच्या आठवडे उडालेली, कामावर जाणंही जड, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या त्रासासाठी त्या काळचा उपाय सांगितला होता, आणि पौलासोबत असलेला लूक वैद्यच होता. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन 14416 आहे, फोन फ्री आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर वाट बघू नका, लगेच कोणाला तरी जवळ बोलवा आणि फोन लावा. आणि औषध चालू असताना कोणी प्रार्थनेनंतर "आता गोळ्या बंद कर, विश्वास ठेव" म्हणालं, मग ते कितीही मोठे सेवक असोत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.