आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय: रोबो की दुर्बीण, कसं ठरवायचं

मोठ्या आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून त्या कॅन्सरच्या गाठी सगळ्यात जास्त तिथेच सापडतात. या गाठी कापून काढता येतात आणि त्यातून कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं चांगले जगतात. डॉक्टर "ऑपरेशन होईल" म्हणाले की घरात लगेच प्रश्न निघतो: रोबोने करायचं की दुर्बिणीने? दोन्हीत पोटाला छोटी छिद्रं पाडून ऑपरेशन होतं आणि रोबोही सर्जनच चालवतो. आधी गाठ नेमकी कुठे आहे ते बघा, मग ऑपरेशन कोण करणार आहे ते बघा. यंत्राचा नंबर त्यानंतर.

सर्जनकडे जाताना छाती-पोटाचा काँट्रास्ट सीटी स्कॅन, लिव्हरचा एमआरआय आणि सीईएची (या कॅन्सरमध्ये बघतात त्या खुणेची) रक्ततपासणी बरोबर ठेवा. नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, सीडी पण न्या. ऑपरेशनच्या दिवशी स्कॅन साधारण ४ आठवड्यांपेक्षा जुना नसावा. केमो झाली असेल तर केमोच्या आधीचा स्कॅन न विसरता द्या. केमोने लहान गाठ स्कॅनवर दिसेनाशी होते, पण दिसत नाही म्हणजे ती मेली असं नाही. पुष्कळदा तिथे जिवंत पेशी उरलेल्या असतात, आणि ती जागा फक्त जुन्या स्कॅनवरच कळते.

आता रिपोर्टमध्ये 'सेगमेंट' हा शब्द शोधा. लिव्हरचे ८ भाग मानतात, त्यातल्या चौथ्याचे ४ए आणि ४बी असे दोन. २, ३, ५, ६ आणि ४बी हे पुढचे-खालचे भाग, दुर्बिणीला सहज पोचता येणारे. ७, ८, ४ए आणि १ हे वरचे, मागचे किंवा खोलवरचे. सगळी निवड इथेच फिरते. दुर्बिणीच्या ऑपरेशनची अवजारं म्हणजे सरळ लांब दांडे. ती पोटाच्या भिंतीतून शिरतात आणि त्या छिद्रापाशीच वर-खाली, डावी-उजवीकडे फिरतात. सातव्या सेगमेंटमधली गाठ बरगड्यांच्या मागे, श्वासाच्या पडद्याखाली दडलेली असते. तिच्या मागच्या बाजूने गोल कापत यायचं तर दांडा वळायला हवा, आणि तो वळत नाही. रोबोच्या अवजाराला टोकाशी मनगटासारखा सांधा असतो, त्यामुळे ती गोलाई कापता येते आणि खोलवर टाकाही घालता येतो. शिवाय त्रिमितीय, मोठं चित्र दिसतं आणि हाताचा कंप गाळला जातो. म्हणून ७, ८ किंवा १ मध्ये गाठ असेल तर रोबोचा विचार जरूर करा. दुसऱ्या-तिसऱ्या सेगमेंटच्या कडेला २ सेंटिमीटरची एकच गाठ असेल, तर सरावलेल्या सर्जनची दुर्बीण पुरेशी आहे. तिथे रोबोसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

वळणदार कापण्याला एवढं महत्त्व का? कारण या गाठी परत येऊ शकतात आणि तेव्हा पुन्हा कापायला लिव्हर शिल्लक लागतं. म्हणून हल्ली अख्खा अर्धा भाग काढण्याऐवजी गाठीपुरतं काढतात. कडेला निदान १ मिलिमीटर निरोगी भाग सुटला पाहिजे. मागे किती उरणार, हेही विचारा: निरोगी लिव्हर असेल तर किमान २० टक्के, भरपूर केमो झालेली असेल तर ३० टक्के, सिरॉसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) असेल तर ४० टक्के. त्याहून कमी उरत असेल तर आधी पोर्टल शिरेची (आतड्याचं रक्त लिव्हरला आणणाऱ्या शिरेची) एक बाजू बंद करून दुसरी बाजू वाढवतात. त्याला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. ही वाट बघणं गरजेचं आहे, रोबोने ती टळत नाही.

पोट उघडण्यापेक्षा छोट्या छिद्रांतून करणं चांगलं का, याला भक्कम पुरावा आहे. नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये अशाच २८० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. गुंतागुंत दुर्बिणीत १९ टक्के, उघड्या ऑपरेशनमध्ये ३१ टक्के. घरी जायला ५३ तास विरुद्ध ९६ तास. पाच वर्षांनी जिवंत असलेले मात्र जवळजवळ सारखेच, ५४ आणि ५५ टक्के. रोबो आणि दुर्बीण यांची तशीच तुलना जर्मनीत ८० रुग्णांवर झाली. तिचे निकाल २०२४ मध्ये आले आणि ऑपरेशननंतरच्या जीवनमानात फरक आढळला नाही. तेव्हा "रोबोने कॅन्सर जास्त चांगला बरा होतो" असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

आत काय होतं ते समजून घेतलं की सर्जनला नेमकं विचारता येतं. पोटात १० ते १४ मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. भूलतज्ज्ञ मोठ्या शिरेतला दाब ५ च्या खाली ठेवतात, म्हणजे कापताना कमी रक्त जातं. लिव्हरकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती एक पट्टी टाकून ठेवतात: १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सोडायची. मग लिव्हरवर अल्ट्रासाऊंड फिरवून गाठ आणि जवळच्या शिरा बघून कापण्याची रेघ आखतात. बहुतेक रोबोंमध्ये हाताला स्पर्श कळत नाही आणि दुर्बिणीतही फार थोडा कळतो, त्यामुळे हा अल्ट्रासाऊंड टाळता येणार नाही.

कापण्यातही फरक आहे. दुर्बिणीत बऱ्याचदा कूसा नावाचं अल्ट्रासाऊंड लहरींवर चालणारं अवजार वापरतात. ते लिव्हरचा मऊ गर फोडून शोषून घेतं आणि आतल्या नळ्या (शिरा आणि पित्तनलिका) शाबूत उघड्या पाडतं. एकेक नळी दिसते, तिला क्लिप लावून कापता येतं. रोबोच्या हातावर कूसा सहसा नसतं. मग बायपोलर चिमट्याने गर चिरडत जातात, किंवा टेबलाशी उभा असलेला मदतनीस सर्जन ते चालवतो. मुख्य सर्जन कन्सोलवर (रोबो चालवायच्या यंत्रापाशी), रुग्णापासून काही फूट दूर बसलेला असतो. अचानक रक्त आलं तर पहिलं सक्शन त्या मदतनीसाच्या हातात असतं, आणि पोट उघडायची वेळ आली तर रोबोचे हात आधी सोडवावे लागतात. म्हणून "टेबलाशी कोण असेल?" हा प्रश्न संकोच न करता विचारा.

आणखी विचारा: गेल्या वर्षी याच पद्धतीने *लिव्हरची* किती ऑपरेशनं केलीत? पित्ताशयाची नि हर्नियाची यात धरू नका. माझ्यासारख्या सेगमेंटची किती? किती वेळा पोट उघडावं लागलं? दुर्बिणीत निष्णात असलेला सर्जन रोबोवर नवा असेल, तर त्याच्याकडून दुर्बिणीनेच करून घ्या. मोठ्या शिरेला चिकटलेली गाठ किंवा आधीच्या ऑपरेशनांमुळे झालेली घट्ट चिकटण असेल तर उघडं ऑपरेशन सुचवलं जाईल. त्यात कमीपणा काही नाही.

पैशांचं आधीच लेखी करून घ्या. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात धरायला सांगितलं, पण कंपनी तिला वेगळी मर्यादा लावू शकते. पॉलिसीत 'सब-लिमिट' (म्हणजे ही वेगळी मर्यादा) शोधा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होत असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून काय बसतं ते विचारा.

शेवटच्या केमोनंतर साधारण ४ आठवडे, आणि केमोबरोबर दिलं जाणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध चालू असेल तर ६ आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर जखम भरायला आणि रक्त थांबायला त्रास होतो. तोवर रोज चालणं, फुंकणीचा श्वासाचा व्यायाम, आणि सिगारेट-तंबाखू पूर्ण बंद.

ऑपरेशननंतर उजवा खांदा दुखला तर घाबरू नका, तो पोटातल्या गॅसचा त्रास असतो. ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) असेल तर त्यातल्या पाण्याचा रंग बघत राहा. हिरवट-पिवळं पाणी म्हणजे पित्त गळत असू शकतं. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तातल्याच्या तिप्पट निघालं तर गळती धरतात. पाचव्या दिवशीचं रक्तातलं बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) विचारून घ्या. उरलेलं लिव्हर काम करतंय का, ते त्यावरून कळतं. घरी आल्यावर १००.४ अंशांवर ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गुंगी, एका पोटरीला सूज किंवा धाप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं बऱ्याचदा ४ आठवडे देतात, ती मधेच बंद करू नका. पॅरासिटामॉल किती घ्यायची, तेही सर्जनला विचारूनच.

पॅथॉलॉजी रिपोर्टची एक प्रत मागून घ्या आणि त्यात मार्जिन (गाठीच्या कडेचा निरोगी भाग) किती मिलिमीटर आहे ते बघा. पहिली २ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी सीईए आणि सीटी करावं लागतं. दर वेळी नव्या सीडीबरोबर जुनीही न्या.