पाच लेटरचा शब्द, दुसरा आर, शेवटी ई: असे इंग्लिश शब्द शोधायचे कसे

वर्डल (पाच लेटरचा शब्द सहा चान्समध्ये ओळखायचा ऑनलाइन खेळ) असो, स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द बनवायचा बोर्डवरचा खेळ) असो नाहीतर पेपरातलं इंग्लिश शब्दकोडं, गाडी अडते ती एकाच ठिकाणी. किती लेटरचा शब्द ते माहितीये, त्यातले दोन-तीन लेटर कुठले तेही माहितीये, पण शब्द काही केल्या आठवत नाही. मग आपण ती अक्षरं टक लावून बघतो आणि मनातल्या मनात उच्चार करून बघतो, आणि तिथेच फसतो. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो म्हणून आपल्याला कानाने शब्द शोधायची सवय, इंग्लिशमध्ये ती सवय कामाची नाही. जी, आर, ए, टी, ई एवढी अक्षरं समोर आली की डोक्यात "ग्रेट" वाजतं आणि आपण जी-आर-ई-ए-टी लिहून मोकळे होतो, पण किसणे या अर्थाचा जी-आर-ए-टी-ई पण आहे की, उच्चार तोच, अक्षरं तीच, फक्त जागा बदलल्या. तो सहसा आठवतच नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे कागद घ्या आणि जेवढे लेटर तेवढ्या रेघा मारा. नक्की माहिती असलेलं अक्षर त्याच्या जागेवर लिहा, आहे पण जागा माहिती नाही ते वर लिहा, आणि नाहीच आहे ते खाली लिहून खोडा. खोडलेली यादी बरेच जण करत नाहीत, खरा उपयोग तिचाच होतो.

आता एक उदाहरण नीट करून बघू. दुसरा आर, शेवटचा ई, आणि ए कुठेतरी आहे. म्हणजे _ आर _ _ ई. ए ला जागा उरल्या तीन, पहिली, तिसरी, चौथी. चौथीवर टाकला तर शेवट ए-ई होतो, असा ओळखीचा शब्द मिळत नाही, सोडून द्या. पहिलीवर टाकला तर आर्ग्यू, अराइज, अरोज असे मोजकेच. राहिली तिसरी, आणि इथे मात्र रांग लागते: ब्रेव्ह, क्रेव्ह, ग्रेस, ट्रेस, ट्रेड, फ्रेम, क्रेन, ड्रेप, ब्रेक (गाडीचा, तोडायचा नाही), इरेज... वीसेक तरी निघतील. म्हणजे आधी जागा ठरवली आणि मग शब्द आठवले तर आपोआप येतात, उलटं केलं तर डोकं फिरतं.

पण वर्डलमध्ये हीच रांग घात करते. समजा पहिला जी पण कळला, तर ग्रेड, ग्रेप, ग्रेट (किसायचा), ग्रेस, ग्रेव्ह, ग्रेझ असे सहा उरतात आणि एकेक ट्राय करत बसलात तर सहा चान्स तिथेच संपतील. त्यापेक्षा एक चान्स मुद्दाम "वाया" घालवा आणि अडॉप्ट टाका, त्यात डी, पी, टी तिन्ही आहेत. यातलं एक पेटलं (म्हणजे रंग बदलून "हे अक्षर आहे" असं दाखवलं) तर उत्तर मिळालंच. नाही पेटलं तर व्हॉइस टाका, त्यात व्ही आणि सी दोन्ही आहेत, सी पेटला तर ग्रेस, व्ही पेटला तर ग्रेव्ह, काहीच नाही तर ग्रेझ. म्हणजे सहा शब्द जास्तीत जास्त तीन चान्समध्ये आटपले. हार्ड मोडमध्ये हे चालत नाही, तिथे मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात, आणि खरं सांगू का, म्हणूनच मला हार्ड मोड म्हणजे उगाच अंगावर ओढवून घेतलेलं दुखणं वाटतं.

जागा भरताना इंग्लिशच्या काही खोडी लक्षात ठेवल्या की बरंच काम होतं. व्ही आणि जे शेवटी जवळजवळ येतच नाहीत. क्यू असेल तर पुढे यू धरून चाला. एच दिसला तर त्याच्या आधी सी, एस, टी, डब्ल्यू, पी, जी यातलं काही बसतंय का बघा. के शेवटी असेल तर आधी सी लावून बघा. स्वर सगळे खोडले गेले तर घाबरू नका, वाय आहे, निम्फ आणि क्रिप्ट दोन्हीत तोच एकटा किल्ला लढवतो. आणि एक अक्षर "आहे" म्हणजे ते एकदाच आहे असं कोणी सांगितलं? मम्मी शब्दात एम तीन वेळा येतो, हे विसरून भले भले आपटतात.

डोकं चालेनासं झालं की टूल वापरा, त्यात लाजायचं काय. वनलूक नावाच्या साइटवर माहिती नसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे आपल्या उदाहरणात प्रश्नचिन्ह, आर, दोन प्रश्नचिन्हं, ई (अक्षरं अर्थातच इंग्लिशमध्ये टाइप करा). ऑफिसात शब्दांची यादी एक्सेलमध्ये असेल तर कस्टम फिल्टरमध्ये इक्वल्स निवडून हाच पॅटर्न द्या, लांबी आणि जागा दोन्ही एका फटक्यात जुळतात. लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांना ग्रेप (grep, शब्दांच्या फाइलमधून पॅटर्नला जुळणाऱ्या ओळी शोधणारी) कमांड आहेच, "^.....$" म्हणजे बरोबर पाच अक्षरं, त्याच्यापुढे पाइप (| हे चिन्ह) लावून एकेका अक्षरासाठी वेगळं ग्रेप लावत जा, आणि नको असलेली अक्षरं काढायला वजा व्ही (-v). फक्त मॅकमधली शब्दांची फाइल 1934 सालच्या वेबस्टर डिक्शनरीवरून केलेली आहे, त्यामुळे त्यात कुठले कुठले जुनाट शब्द निघतात आणि साधी अनेकवचनं मात्र सापडत नाहीत, तिच्यावर विसंबून राहू नका.

स्क्रॅबलवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे क्यू एकच असतो, 10 पॉइंटचा, आणि यू हाताशी नसला की तो शेवटपर्यंत गळ्यात पडतो. अशा वेळी आपल्याकडचेच शब्द आठवा, तलाक टी-ए-एल-ए-क्यू चालतो, फकीर एफ-ए-क्यू-आय-आर चालतो, दोन्ही पाच लेटरचे. दोनच जागा असतील तर क्यू-आय आहे, तो पाठच करून टाका.

आणि स्पेलिंग कुठल्या देशाचं आहे ते बघा बाबांनो. आपण शाळेत ब्रिटिश शिकलो, वर्डल 2022 पासून न्यूयॉर्क टाइम्सकडे आहे आणि उत्तरं अमेरिकन स्पेलिंगची. फेवर आणि ह्यूमर आपल्या हिशोबाने सहा लेटरचे, तिथे यू गाळून पाच. फायबर, मीटर, लिटर दोन्हीकडे पाचच, पण आपण आर-ई वर संपवतो आणि ते ई-आर वर. त्यामुळे शेवटी ई पक्का धरून बसला असाल आणि काहीच जुळत नसेल तर ती दोन अक्षरं उलटी करून एकदा बघाच.