मोफत ऑडिओबुक शोधताना पुस्तकाआधी वाचणारा शोधा

‘मोफत ऑडिओबुकच्या पंचवीस साइट’ असल्या याद्या बाजूला ठेवा. इंग्रजी अभिजात साहित्यापुरतं बोलायचं तर त्यातल्या बऱ्याच साइट आणि अ‍ॅप एकाच विहिरीचं पाणी भरतात. ती विहीर म्हणजे लिब्रीवॉक्स. 2005 मध्ये माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी सुरू केलेला हा स्वयंसेवकांचा प्रकल्प. कॉपीराइट संपलेली पुस्तकं लोक घरी बसून वाचतात आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्कही सोडून देतात. म्हणूनच कोणीही ती उचलून जाहिराती चिकटवू शकतो, वर महिन्याची वर्गणीही लावू शकतो, आणि ते बेकायदा ठरत नाही. तेव्हा थेट मूळ साइटवर जा. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत.

1. शोध

साधा शोध पुरत नाही, ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’ उघडा. लेखकाचं आडनाव टाका, भाषा निवडा, स्थिती ‘कम्प्लीट’ ठेवा आणि प्रकल्पाच्या प्रकारात ‘सोलो’ निवडा. हा शेवटचा पर्याय का, ते पुढे येतंच.

2. आवृत्ती आणि आवाज निवडणं

लोक अडकतात ते इथे. पहिला निकाल उघडतात, दोन प्रकरणं ऐकतात आणि ‘फुकटचं ते असंच’ म्हणून सोडून देतात. खरं तर एकाच कादंबरीची तीन-चार वेगवेगळी ध्वनिमुद्रणं असू शकतात. नावापुढे ‘व्हर्जन 2’, ‘व्हर्जन 3’ असं लिहिलेलं असतं. पहिलं असतं ते सगळ्यात जुनं, सगळ्यात चांगलं असेलच असं नाही.

दर्जात एवढा फरक पडतो त्याला कारण आहे. लिब्रीवॉक्स आवाजाची चाचणी घेत नाही. माइक असलेला कोणीही वाचू शकतो. दुसरा स्वयंसेवक ध्वनिमुद्रण तपासतो, पण तो गाळलेला मजकूर, पुन्हा वाचलेली ओळ, खरखर एवढंच पाहतो. उच्चार, लय, अभिनय यांवर शेरा मारायचा नाही हे त्यांचं धोरणच आहे. म्हणजे निवडायचं काम तुमचं.

सामूहिक ध्वनिमुद्रणात प्रकरणागणिक वाचणारा बदलतो. ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्तो’सारख्या 117 प्रकरणांच्या पुस्तकात पात्रांच्या नावांचे उच्चारसुद्धा वाटेत बदलत जातात. लघुकथा, निबंध, कविता यांना सामूहिक चालतं. कादंबरी मात्र एकाच आवाजात ऐका. पानावरच्या तक्त्यात प्रत्येक प्रकरणासमोर वाचणाऱ्याचं नाव असतं, त्यावर नजर टाकली की कळतं. ‘ड्रॅमॅटिक रीडिंग’, म्हणजे प्रत्येक पात्राला वेगळा वाचणारा, नाटकासाठी ठीक, पण प्रत्येकाने आपला संवाद आपल्या खोलीत मुद्रित केलेला असतो, त्यामुळे आवाजाची पातळी ओळीओळीला वरखाली होते. मी कादंबरीसाठी ते सुचवणार नाही.

पहिलं प्रकरण ऐकून ठरवू नका. ते प्रत्येक जण जपून वाचतो, शिवाय सुरुवातीला प्रकल्पाची ठरावीक घोषणा असते. चौथं-पाचवं प्रकरण लावा, दोन मिनिटं पुढे सरका आणि संवाद गाठा. कोण बोलतंय हे ‘ही सेड’ येण्याआधी कळतंय का? वाक्याच्या मध्यात श्वास तुटतोय का? मागे पंखा घुमतोय का? स्पीकरवर हे लपतं, हेडफोनवर पाच मिनिटांत उघडं पडतं. लिब्रीवॉक्सवर पसंतीचे तारे नसतात, पण पुस्तकाच्या पानावरून ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या मोफत डिजिटल संग्रहाच्या पानाचा दुवा असतो आणि तिथे श्रोत्यांचे अभिप्राय सापडतात.

रशियन, फ्रेंच पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव पाहा. कॉपीराइट संपलेलाच अनुवाद वाचता येत असल्याने भाषा बहुधा शंभर वर्षं जुनी असते. मुद्रित पुस्तक समोर धरून ऐकायचं असेल तर तोच अनुवाद हवा, नाहीतर ओळ ओळीला जुळणार नाही.

आणि एक आवाज आवडला की त्या नावावर टिचकी मारा. त्या व्यक्तीने वाचलेलं सगळं एका पानावर येतं. यापुढे लेखकाऐवजी आवाजावरून पुस्तक शोधा, वेळ वाचेल.

3. उतरवणं

केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती साठते त्याचं माप. 64 केबीपीएसची फाइल तासाला साधारण 29 एमबी, 128ची त्याच्या दुप्पट. बोलण्याच्या आवाजाला 64 पुरते. ऐकणं जिथे सोडलं ते ठिकाण लक्षात ठेवणारं ऑडिओबुक अ‍ॅपच वापरा. गाण्यांचं अ‍ॅप प्रकरणं उलटसुलट लावून ठेवतं.

4. नवे, स्वतंत्र लेखक

हे लिब्रीवॉक्सवर नाहीत, पॉडकास्टमध्ये आहेत. विज्ञानकथांसाठी 2005 पासून चालणारं ‘एस्केप पॉड’, भयकथांसाठी ‘स्यूडोपॉड’, अद्भुतकथांसाठी ‘पॉडकॅसल’. तिन्ही लेखकांना मानधन देतात आणि श्रोत्यांकडून सक्तीने काही घेत नाहीत. स्कॉट सिग्लरसारख्या लेखकांनी अख्ख्या कादंबऱ्या भागाभागाने मोफत दिल्या आहेत. पॉडकास्ट अ‍ॅप सहसा नवा भाग वर दाखवतं. कादंबरीसाठी क्रम ‘ओल्डेस्ट फर्स्ट’ करा, नाहीतर सुरुवात शेवटच्या प्रकरणाने होईल.

5. मराठी

इथे शिस्त जास्त हवी, कारण यूट्यूबवर चोरीचा माल भरपूर. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट चालतो. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी 1919 मध्ये गेले, त्यांचं लेखन मुक्त आहे. वि. स. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे 2036 संपेपर्यंत नाही. मजकूर मुक्त असला तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, हेही विसरू नका.

उलटंही घडतं. लिब्रीवॉक्स अमेरिकेचा कायदा पाळतं, तिथे जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनाचं वर्ष मोजतात. अ‍ॅगाथा ख्रिस्तींची 1920 ची पहिली कादंबरी तिथे मुक्त आहे. पण त्याही 1976 मध्येच वारल्या, त्यामुळे भारतात नाही. तिचं मराठी भाषांतर वाचून चॅनेलवर टाकायचा बेत असेल तर थांबा.

इंटरनेट आर्काइव्हवर प्रकार ‘ऑडिओ’ निवडा आणि लेखकाचं नाव देवनागरीत, मग रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी टाका. ‘आपटे’ कोणी एका ‘ए’ने लिहितं, कोणी जास्तीचा ‘ए’ घालून. काही ध्वनिमुद्रणं माणसाने नव्हे, यंत्राने वाचलेली असतात. तो आवाज ओळखायचा तर ‘चूल’ आणि ‘चहा’, ‘जाळं’ आणि ‘जीव’ ऐका. दोन्ही च, दोन्ही ज सारखेच हिंदीसारखे आले तर बहुतेक वेळा वाचणारं माणूस नाही. मनासारखं काहीच मिळालं नाही, तर मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून मुक्त मजकूर घ्या आणि फोनच्या वाचन-सुविधेला द्या. उच्चार तसेच असतील, पण निदान पानं गाळली जाणार नाहीत.