खोलीचं मॉडेल: आधी अंधार पक्का करा, मग उजेड बघा

खोलीत उजेड कसा येईल हे हल्ली कॉम्प्युटरवर दिसतं, तरी मी पुठ्ठ्याचं मॉडेल करते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही करायला लावते. आवाज, उष्णता, तुळईची ताकद या गोष्टी लहान मॉडेलमध्ये जशाच्या तशा उतरत नाहीत. दिवसाचा उजेड उतरतो. खोली दहापट लहान केली, खिडक्या त्याच प्रमाणात लहान केल्या आणि भिंतींचे रंग खरे ठेवले, की मॉडेलच्या जमिनीवर जेवढा उजेड पडेल तेवढाच खऱ्या जमिनीवर पडतो. त्यासाठी अट एकच: उजेड फक्त खिडकीतूनच आत यायला हवा. ही अट कुणी पाळत नाही, म्हणून हा लेख.

माप आणि सामान

एका खोलीसाठी १:१० घ्या. १:५० चं मॉडेल टेबलावर देखणं दिसतं, पण त्यात मोबाईलचा कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर बसत नाही. दहा बाय बाराची खोली १:१० मध्ये साधारण ३० बाय ३७ सेंटिमीटर होते. पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड (मध्ये फोम, दोन्ही अंगांना कागद), नवी ब्लेडं आणि स्टीलची पट्टी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळते. त्याबरोबर काळी इन्सुलेशन टेप, काळा कार्डपेपर आणि स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लागेल.

भिंतीची जाडी दाखवा. पाच मिलिमीटरचा बोर्ड म्हणजे या मापात पाच सेंटिमीटरची भिंत, आणि अशी भिंत कुठेच नसते. सहा इंची भिंतीला बोर्डाचे तीन थर लागतात. पेठेतल्या जुन्या घराची दीड फुटी भिंत साडेचार सेंटिमीटर जाड हवी. अशा भिंतीतला झरोका म्हणजे एक छोटा बोगदा असतो, आणि उजेड त्या बोगद्याच्या कडांवर आपटून आत येतो. या कडा रंगवायला विसरू नका.

अंधार

काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या घराचं माजघर माझ्याकडे आलं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, वर माडी, घराच्या आतल्या चौकाकडे एक दार. घरातल्या आजींची मागणी साधी होती: दुपारी दिवा न लावता तांदूळ निवडता आले पाहिजेत. मी मॉडेल केलं, मागच्या बोळाच्या बाजूला दोन बाय दीड फुटांचा झरोका कापला आणि मॉडेल गच्चीत नेलं. आत छान, मऊ, सगळीकडे पसरलेला उजेड होता. झरोका पाडला गेला, गिलावा झाला, आणि आजींनी मला बोलावून घेतलं. "अगं, आधी होता तेवढाच अंधार आहे. उंबऱ्यावर बसून निवडते मी."

त्या रात्री मी मॉडेलचा झरोका काळ्या कागदाने बंद केला. सकाळी गच्चीत नेऊन आत पाहिलं, तर खोली जवळजवळ तितकीच उजळ होती. मी झरोक्याचा उजेड मोजलाच नव्हता. उजेड भिंतींमधून येत होता.

पांढरा फोमबोर्ड उन्हात धरा आणि मागे बोटं ठेवा. बोटांची सावली पलीकडून दिसते. आता हिशेब करा. दहा बाय बारा, उंची नऊ फूट: चार भिंती आणि छत मिळून ५१६ चौरस फूट. बोर्डातून शंभरातला एकच भाग उजेड झिरपतो असं धरलं, तरी तो पाच चौरस फुटांच्या उघड्या खिडकीएवढा होतो. माझा झरोका होता तीन चौरस फुटांचा. आणि खऱ्या घरात ज्या भिंतींना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या असतात, त्याच मॉडेलमध्ये गच्चीवरच्या उघड्या आभाळाखाली असतात.

म्हणून बोर्ड कापल्यावर, जोडण्याआधी, प्रत्येक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आधी फॉइल आणि तिच्यावर काळा कागद चिकटवा. नुसता काळा रंग पुरत नाही. पातळ हात बसला की रंगातून उजेड येतो, आणि जाड बसला की बोर्ड वाकतो. सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकच्या फोमचा बोर्ड, वापरणाऱ्यांनीही हेच करायचं आहे, तोही झिरपतो.

पुढचा चोर म्हणजे कोपरा. दोन बोर्ड नुसते काटकोनात टेकवून फेविकॉलने जोडले, तर एका बोर्डाची कापलेली पांढरी कड बाहेर उघडी राहते. त्या कडेतून फोम उजेड ओढून घेतो आणि आतल्या कोपऱ्यात सोडतो. फोटोत कोपरा उजळलेला दिसला की लोक म्हणतात, वा, काय सुंदर परावर्तन! ती गळती असते. उपाय खाच पाडायचा आहे. बोर्डाच्या टोकाला, त्याच्या जाडीइतक्या रुंदीवर, आतला कागद आणि फोम पट्टीला धरून कापून काढा. बाहेरचा कागद तेवढा शाबूत ठेवा. राहिलेला कागदाचा पदर दुसऱ्या बोर्डाच्या कडेवर झाकणासारखा बसतो. पहिल्या दोन-तीन वेळा तो पदर फाटेल. मी एका संध्याकाळी सहा पट्ट्या वाया घालवल्या होत्या. ब्लेड फोमपर्यंतच जाऊ द्या, दाब कमी ठेवा, आणि फोम पट्टीच्या कडेने खरवडून काढा. नंतर जोडावर काळी इन्सुलेशन टेप लावा. मास्किंग टेप लावू नका, तिच्यातूनही उजेड येतो. "मास्किंग टेपने कोपरे बंद करा" असं सांगणाऱ्याने आपलं मॉडेल कधी रात्री तपासलेलं नसतं.

तपासणी अशी: सगळ्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करा. मॉडेलमध्ये मोबाईलचा टॉर्च लावून ठेवा, छताचं झाकण बसवा, रात्री खोलीतले दिवे घालवा. दहा मिनिटं नुसते बसा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग मॉडेलभोवती फिरा. जिथे जिथे गळती आहे तिथे बारीक सोनेरी रेघ दिसते. प्रत्येक रेघेवर टेप लावा आणि पुन्हा बघा. माझ्या माजघराच्या दुसऱ्या मॉडेलला या फेऱ्या चार वेळा कराव्या लागल्या. बाहेरून काहीच दिसेनासं झालं की थांबा. त्याआधी गच्चीत जाऊ नका.

पृष्ठभाग

खरा विनियर (लाकडाचा पातळ थर), खरी फरशी चिकटवू नका. १:१० मध्ये लाकडाची रेघ दहापट जाड दिसते. तुम्हाला त्या वस्तूचा उजळपणा आणि चकाकी हवी आहे. फरशीचा नमुना आणि रंगवलेला कागद सावलीत शेजारी ठेवून कृष्णधवल फोटो काढा, आणि दोन्हींचा करडेपणा एक होईपर्यंत रंग बदलत राहा. शहाबादीसाठी मॅट करडा कागद चालतो, पॉलिश केलेल्या कोटा फरशीसाठी त्याच कागदावर वॉर्निशचा हात द्या. चुन्याच्या खडबडीत भिंतीला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद मला सगळ्यात जवळचा वाटतो. पांढऱ्याशुभ्र कागदाने भिंती मढवू नका. नीळ घातलेल्या जुन्या चुन्यात इतका शुभ्रपणा नसतो.

जमीन खालून सरकवता येईल अशी सुटी ठेवा, म्हणजे झाकण न उघडता बदलता येते. एका वेळी एकच पृष्ठभाग बदला. खिडकीतून आलेला उजेड सगळ्यात आधी जिथे आपटतो, तिथला बदल सगळ्यात जास्त दिसतो. बंदिस्त केलेल्या दुसऱ्या मॉडेलने मला सांगितलं की झरोक्याने फारसं काही होत नाही. काम चौकाच्या बाजूला होतं. दाराच्या वरची फळी काढून तिथे तावदानं बसवली आणि दारासमोरची चौकाची भिंत पांढरी केली, तेव्हा मॉडेलच्या मध्यावर उजेड पोहोचला. खऱ्या माजघरातही पोहोचला.

खिडकीला ॲक्रिलिक लावू नका, भोक उघडं ठेवा आणि काचेपोटी दहा-पंधरा टक्के वजा करा. समोरची इमारत मात्र पुठ्ठ्याची करून तिच्या रंगासकट उभी करा. पेठेत ती सहा-आठ फुटांवर असते, आणि तिच्याशिवाय काढलेला निष्कर्ष खोटा निघतो.

ऊन

नुसता पसरलेला उजेड बघायला पावसाळ्यातलं पुण्याचं भरलेलं आभाळ उत्तम. उन्हाचा पट्टा कुठे पडतो ते बघायला ऊन हवं. टॉर्च सूर्य म्हणून वापरू नका. त्याचे किरण फाकतात, सूर्याचे समांतर येतात.

मॉडेल एका फळीवर पक्कं बसवा आणि शेजारी २० मिलिमीटर उंच टाचणी सरळ उभी करा. मॉडेलची उत्तर दिशा फळीवर आखा. टाचणीच्या बुडापासून उत्तरेला १८ मिलिमीटरवर एक ठिपका द्या, तो २२ डिसेंबरच्या माध्यान्हीचा. उत्तरेलाच पावणेसात मिलिमीटरवर दुसरा द्या, तो २१ मार्चचा. तिसरा दक्षिणेला, पावणेदोन मिलिमीटरवर: २१ जूनचा. हो, दक्षिणेला. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतं. "उत्तरेची खिडकी म्हणजे ऊन नाही" हा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेला आहे.

आता फळी उन्हात धरून फिरवा आणि कलवा. सावलीचं टोक ज्या ठिपक्यावर येईल त्या दिवसाचं ऊन आत दिसेल. कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी हे करता येतं. प्रत्यक्ष खोलीत जाऊन ताडून बघणार असाल, तर पुण्याची माध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते, हे धरून चला. आणि फळी कलवली की आभाळाचा पसरलेला उजेड बदलतो, म्हणून या पद्धतीने फक्त उन्हाचा पट्टा बघा, उजेड किती आहे ते मोजू नका.

दिव्यांचे प्रयोग करायचे असतील तर एकच गोष्ट: १:१० मध्ये दिवा शंभरपट मंद हवा. तापकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानांतली एलईडी पट्टी सरळ आत लावली तर खोली लग्नमंडप होते.

फोटो

कॅमेऱ्यासाठी भिंतीत भोक पाडा आणि मोबाईलभोवती काळं कापड गुंडाळा. उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरवर, म्हणजे मॉडेलमध्ये १५ सेंटिमीटरवर. माजघरात माणसं खाली बसतात, तिथे साडेसात सेंटिमीटर घ्या. प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स पहिल्या फोटोला ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. मोबाईलला स्वतः ठरवू दिलं, तर तो अंधारी खोलीही उजळून दाखवतो. एक फोटो खिडक्या बंद करूनही काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. आला नाही, तर टेप घेऊन परत खाली.