लाकडी मुठीचा घडीचा चाकू : मराठवाड्याच्या हवेत निवड आणि निगा

मराठवाड्यात राहून लाकडी मुठीचा घडीचा चाकू घेणाऱ्याने पात्याआधी सांधा पाहावा. पाते बोथट झाले तर दगडावर घासून पुन्हा धारेवर आणता येते आणि गंज चढला तर तो काढता येतो. परंतु पाते व मूठ जेथे खिळीने जोडलेली असतात तो सांधा उन्हाळ्यात ढिला पडला किंवा पावसाळ्यात आवळून बसला, की चाकू खिशात असूनही कामाचा राहत नाही. हा सांधा बिघडवायला आपली हवा पुरेशी आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच तीच हवा इतकी दमट होते की दाराची फळी चौकटीत अडकू लागते.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात सुकलेल्या लाकडातील ओलाव्याचे प्रमाण 4-5 टक्क्यांपर्यंत उतरू शकते, तर झड लागलेली असताना ते 15-16 टक्क्यांपर्यंत चढते. या चढउतारात लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही. ते फुगते आणि आकसते ते आडव्या दिशेने, म्हणजे नेमके त्याच दिशेने ज्या दिशेने खीळ मुठीतून आरपार गेलेली असते. सर्व लाकडे सारखी वागत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. युरोपात चाकूंच्या मुठींसाठी सर्रास वापरले जाणारे बीचचे लाकूड जितके आकसते त्याच्या साधारण निम्मेच साग आकसतो. दोन सेंटिमीटर रुंदीच्या बीचच्या मुठीत मे ते ऑगस्ट या काळात अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक पडू शकतो, आणि घडीच्या चाकूच्या सांध्यात एवढी जागा फार मोठी असते.

यावरून बांधणीचा प्रश्न येतो. बाजारातील लाकडी मुठीचे चाकू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात मूठ एकसंध लाकडाची असते, तिला मधोमध खाच पाडलेली असते आणि पाते त्या खाचेत मिटते. फ्रान्सच्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये बनवायला घेतलेला चाकू या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. 1955 मध्ये त्याच्या मानेवर फिरणारी धातूची कडी बसवण्यात आली, जी फिरवली की उघडलेले पाते अचानक मिटत नाही. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या आत पितळेचे किंवा पोलादाचे दोन पत्रे असतात, पाते त्या पत्र्यांमध्ये फिरते, पाठीला कमान, म्हणजे पाते ताणून धरणारी पोलादी पट्टी, असते आणि लाकडाच्या दोन फळ्या बाहेरून जडवलेल्या असतात. पहिल्या प्रकारात लाकूड फुगले की कडी आणि खीळ त्याला बाहेर सरकू देत नाहीत, त्यामुळे ते आतल्या बाजूस पात्यावर दाब आणते. दुसऱ्या प्रकारात पाते धातूला टेकून फिरत असल्याने लाकडाच्या फुगण्या-आकसण्याचा सांध्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून वजन थोडे वाढले आणि दोन पैसे जास्त गेले तरी आपल्याकडे पत्र्याच्या बांधणीचाच चाकू घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकसंध मुठीचा चाकू हलका आणि देखणा असतो, हे मान्य. तो घ्यायचाच असेल तर त्याची निगा अधिक करावी लागेल, हे धरूनच घ्यावा.

लाकडांत शिसव उत्तम, कारण ते जड, घट्ट आणि मुळातच तेलकट असते. सागही चांगला, मात्र तो तुलनेने मऊ असल्याने त्यावर ओरखडे लवकर उठतात. गाडीच्या चाकापासून वखरापर्यंत सगळ्याला पुरून उरलेली आपली बाभूळ मुठीला मजबूत पडते. फक्त ती पुरती वाळलेली असावी, कारण ओल्या बाभळीची मूठ पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. लोहाराकडून किंवा सुताराकडून मूठ करून घ्यायची असल्यास किमान एक उन्हाळा सावलीत वाळलेले लाकूड मागावे, रेषा मुठीच्या लांबीने जाव्यात आणि खिळीजवळ गाठ नसावी याकडे लक्ष द्यावे. चकाकणाऱ्या जाड वॉर्निशच्या मुठीवर विश्वास ठेवू नये, त्याखाली भरलेल्या भेगा लपतात.

खरेदीला शक्यतो उन्हाळ्यात जावे. त्या दिवसांत लाकूड सर्वाधिक आकसलेले असते, त्यामुळे फळी आणि पत्रा यांमधील फट, हलणारी खीळ, डुलणारे पाते हे दोष उघडे पडतात. पावसाळ्यात घट्ट वाटलेला चाकू मात्र वैशाखात खुळखुळू लागतो. माळेगावच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारातल्या पालावर घ्या, नाहीतर शहरातल्या दुकानात, तपासणी एकच. पाते पूर्ण उघडून टोक दोन बोटांत धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. सांध्यात खट्खट् जाणवली तर चाकू परत ठेवावा. मग चाकू मिटून, मुठीची खाच उजेडाकडे धरून पाते मधोमध बसते की एका बाजूला घासते ते पाहावे. कमानीच्या चाकूत पाते मिटताना शेवटच्या टप्प्यात धार कमानीवर आपटत असेल तर धारेला तेथे रोज खाच पडत राहील, आणि हा दोष घरी दुरुस्त होत नाही. पात्याची लांबी 7 ते 9 सेंटिमीटर पुरेशी असते. बटण दाबताच पाते बाहेर उडणारा खटक्याचा चाकू घेऊ नये. त्याची स्प्रिंग आमच्या धुळीत लवकर अडते आणि खिशातून तो निघाला की समोरच्याला वेगळीच शंका येते.

पोलादाबाबत ग्राहकाची फसगत सहज होते. चुंबक चिकटले म्हणजे स्टेनलेस नाही, असे अनेक जण समजतात. पण भांड्यांचे स्टेनलेस वेगळे आणि पात्यांचे वेगळे, पात्यांच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतेच. खरी ओळख लिंबाने पटते. साध्या, म्हणजे कार्बन पोलादाच्या पात्यावर लिंबाच्या रसाचा थेंब काही मिनिटे ठेवला तर करडा डाग उमटतो, स्टेनलेसवर उमटत नाही. कार्बन पोलादाला धार लवकर आणि बारीक लागते, पण ते गंजते. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून लोहाराने घडवलेले पाते याच जातीचे असते आणि पाणी नीट दिलेले असेल, म्हणजे तापवून एकदम थंड करून ते कडक केलेले असेल, तर वर्षानुवर्षे पुरते. पाणी नीट बसले की नाही हे पाहण्यासाठी धारेजवळ कानस हलकेच ओढावी: ती घसरली तर पोलाद कडक, रुतली तर मऊ. कैरी, आवळा, चिंच, मोसंबी यांच्यासाठी रोज चाकू लागत असेल आणि पुसण्याची शिस्त नसेल, तर सरळ स्टेनलेस घ्यावे. कार्बन पोलाद कालांतराने निळसर-करडे पडते. तो रंग गंज नव्हे, उलट काही प्रमाणात गंजापासून राखतो, म्हणून घासून काढू नये. तांबूस-भगवा थर दिसला की तो गंज समजावा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या 600 किंवा 800 नंबरच्या पॉलिश पेपरने तो पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून काढावा.

ठिबकची नळी, सुतळी आणि खताची पोती कापणारा चाकू कलमासाठी वापरू नये, हे जालना-बीडकडच्या बागायतदारांना वेगळे सांगायला नको. मोसंबीचा डोळा (फांदीवरची कळी) भरताना किंवा केशर आंब्याचे कलम बांधताना काप सपाट आणि एका ओढीत यावा लागतो. त्यासाठी सरळ धारेचा, बहुधा एकाच बाजूने धार दिलेला वेगळा चाकू ठेवावा आणि त्याला त्याच बाजूने धार लावावी. दोन्ही बाजूंनी घासला की काप फुगीर येतो आणि खुंट (ज्या रोपावर कलम करतात ते) व डोळा एकमेकांना नीट चिकटत नाहीत. मोसंबीत डिंक्यासारखा (खोडातून डिंक झरण्याचा) रोग असेल तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते स्पिरिटने पुसावे.

धार लावण्यासाठी दारातल्या काळ्या दगडाच्या पायरीवर चाकू घासण्याची सवय आपल्याकडे आहे. विळ्याला ती चालून जाते. पातळ पात्याच्या चाकूला मात्र ती ओरबाडते, कारण तो दगड खडबडीतही असतो आणि सपाटही नसतो. हार्डवेअरच्या दुकानात एक बाजू जाड आणि एक बाजू बारीक असलेला कार्बोरंडमचा दगड मिळतो. तो ओल्या फडक्यावर ठेवला म्हणजे सरकत नाही. दगडावर पाणी किंवा पातळ तेल, यांपैकी एकच काहीतरी कायम वापरावे. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ थोडी उचलावी. कोन 15 ते 20 अंशांचा हवा. पाते दोन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण 5 ते 7 मिलिमीटर वर येते, आणि कोन मोजत बसण्यापेक्षा ही उंची डोळ्याने धरणे सोपे जाते. दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा बेताने, हलक्या दाबाने, मुळापासून टोकापर्यंत पाते ओढावे आणि टोकाकडे येताना मूठ किंचित उचलावी. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूच्या धारेवर बोटाला आडवी जाणवणारी बारीक कड येते. ती कड संपूर्ण लांबीवर आल्याशिवाय बाजू बदलू नये. धार न लागण्याचे सर्वांत सामान्य कारण ही घाई असते. मग दुसरी बाजू, मग बारीक दगडावर दोन्ही बाजू आलटून पालटून, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून काही हात फिरवावेत. धार उजेडात सरळ डोळ्यासमोर धरली असता कुठेही चमकणारा ठिपका दिसता कामा नये, कारण बोथट जागा प्रकाश परतवते आणि खरी धार दिसतच नाही.

सायकलच्या चाकावर सहाण फिरवून धार लावणाऱ्यांकडे चाकू द्यायला हरकत नाही, मात्र विजेच्या ग्राइंडरवर तो देऊ नये. तेथे पातळ धार क्षणात तापते, आणि पोलाद साधारण 300 अंशांवर गेले की त्यावर निळी छटा उमटते. तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते आणि तो भाग घासून संपेपर्यंत धार टिकत नाही.

मुठीला तेल कोणते द्यावे, याबाबत बरेच गैरसमज आहेत. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडात सुकत नाही. ते चिकट राहते, धूळ धरते आणि पुढे खवट वास येतो. लाकडात शिरून घट्ट होणारे आपल्या शिवारातले तेल म्हणजे जवसाचे. ते न मिळाल्यास करडईचे चालते, पण ते सुकायला जास्त वेळ घेते. नवीन मुठीवर वॉर्निश असल्यास ते पॉलिश पेपरने आधी उतरवावे, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने वर राहिलेले सगळे तेल कोरड्या कापडाने पुसून घ्यावे आणि मूठ काही दिवस सावलीत वाळू द्यावी. असे तीन-चार हात झाले की मूठ पुष्कळ सावरते. नंतर वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि मृगाच्या आधी, एकेक हात पुरतो. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि गोळा झालेल्या चिंधीतून ती बाहेर पडू शकली नाही, तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. अशा चिंध्या पाण्यात भिजवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. सांध्यात मात्र जवसाचे तेल कदापि घालू नये, ते तेथेच घट्ट होईल. तेथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालावा आणि पाते पाच-सहा वेळा उघडून मिटावे.

उन्हाळ्यात चाकू मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरवर उन्हात पडू देऊ नये. पावसाळ्यात तो धुतल्यानंतर लगेच पुसावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग पात्यावर राहिले की तेथूनच गंज सुरू होतो. मूठ कधीही पाण्यात बुडवून ठेवू नये आणि चाकू चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरते. एकसंध मुठीचा चाकू फुगून पाते निघेनासे झाले तर पक्कडीने ओढू नये. कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक लाकडी फळीवर हलके आपटावे. सव्हॉयचे लोकही हेच करतात, आणि पाते नखाने धरण्याइतके बाहेर येते. त्यानंतर चाकू पाते उघडे ठेवून पंख्याखाली दोन दिवस राहू द्यावा. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवला तर मूठ उभी चिरते.

खीळ ढिली झाली तर ती ऐरणीवर किंवा जाड लोखंडी तुकड्यावर टेकवून, छोट्या हातोडीने दोन्ही बाजूंनी आलटून पालटून अगदी हलके ठोकावे. पाते आणि पत्रा यांमध्ये कागदाची पट्टी घालून ठोकले म्हणजे सांधा गरजेपेक्षा आवळत नाही. प्रत्येक दोन ठोक्यांनंतर पाते फिरवून पाहावे. एकसंध मुठीची खीळ मात्र उन्हाळ्यात आवळू नये. पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर ती मूठ फोडेल.

बाळगण्याविषयी एवढे ध्यानात असू द्यावे. शस्त्र नियमांनुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत, आणि आपला खिशातला चाकू या मापाच्या बराच आत असतो. परंतु सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्या-चाकूंचाही उल्लेख असतो. त्या दिवसांत मोर्चा, मिरवणूक किंवा सभेला जाताना चाकू घरी ठेवावा. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडहून विमानाने जाणाऱ्यांनी तो हातातल्या पिशवीत न ठेवता काउंटरवर जमा करायच्या बॅगेत टाकावा, अन्यथा तपासणीत तो काढून घेतला जातो.