एअरगनचा ट्रिगर घरी हलका करण्याआधी

नळी मोडून कॉक करायची (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून तयार ठेवायची) साधी स्प्रिंग एअर रायफल घेतली, की पहिली तक्रार ट्रिगरची असते. जड लागतो, ओढत ओढत सुटतो, तोवर नेम हलतो. मग कुणीतरी सांगतं: मागचा स्क्रू बदल, स्प्रिंगचे दोन वेढे काप, सिअरवर झीरो पेपर मार, लोण्यासारखा होईल. होतोही तसा. पण त्या हलकेपणाची किंमत आत कुठे मोजली गेली, ते बाहेरून दिसत नाही.

कॉक केल्यावर पिस्टन मागे जातो आणि दाबलेल्या मेन स्प्रिंगचा सगळा जोर एका बारीक पोलादी कडेवर येऊन थांबतो. ती कड म्हणजे सिअर. ट्रिगर जड लागायला मुख्य कारणं दोन: ट्रिगरला परत आणणाऱ्या स्प्रिंगचा ताण, आणि सिअरची पकड किती खोल आहे. ताण कमी केला तर ओढायला लागणारं वजन घटतं. पकड कमी केली तरी वजन घटतं, पण त्यासोबत पिस्टन अडवून धरणारा आधारही घटतो. बोटाला दोन्ही सारखेच हलके लागतात. म्हणून कुठला स्क्रू वजनाचा आणि कुठला पकडीचा किंवा पहिल्या टप्प्याच्या (ट्रिगर जड लागण्याआधीच्या मोकळ्या हालचालीच्या) लांबीचा, हे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. पुस्तिका नसेल, तर स्क्रू आहे तिथेच राहू द्या.

सेफ्टी लावली की झालं, हा समज तर फारच घातक. बहुतेक स्प्रिंग रायफलींत सेफ्टी फक्त ट्रिगरचं पातं अडवते, सिअरला हात लावत नाही. पकड केसभर उरली असेल तर सेफ्टी लावलेली असतानाही बंदूक सुटू शकते.

सुटते कधी? पुष्कळदा कॉक करताना किंवा छर्रा भरताना, म्हणजे बोटं नळीच्या छर्रा भरायच्या टोकाशी असताना. नळी मोडलेली असताना सिअर घसरला तर नळी फटकन वर येते. बोट चेमटतं, नळी वर वाकते, दस्त्याला मानेपाशी तडा जातो. खाली किंवा बाजूला तरफ असलेल्या रायफलीत सरकणारं सिलिंडर पुढे झेपावतं आणि अंगठा त्याच्या वाटेत असेल तर तुटू शकतो. त्यासाठीच अशा रायफलींत वेगळा अडसर दिलेला असतो. तो आवाज करतो किंवा अडकतो म्हणून काढून टाकणारे आहेत. तो कधीही काढू नका. आणि अडसर असला तरी छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी किंवा तरफ घट्ट धरून ठेवायची.

कानस आणि झीरो पेपरचं प्रकरण वेगळं आहे. सिअरला बहुधा वरून पातळ कडक थर दिलेला असतो, आतलं पोलाद मऊ असतं. घासून तो थर गेला की पहिल्या दिवशी ट्रिगर छान चालतो. मग मऊ कड हळूहळू गोल होते, आणि काहीशे छर्ऱ्यांनंतर एक दिवस आपोआप सुटते. घासताना कोन जरा जरी उलटा झाला तर मेन स्प्रिंगचा जोरच सिअरला बाहेर ढकलू लागतो. मूळ स्क्रूच्या जागी लांब स्क्रू घालणंही तसंच: तो सिअरला आधीच अर्धा सोडवून ठेवतो. परतीची स्प्रिंग कापली, तर अर्धवट दाबून सोडलेला ट्रिगर पूर्ण परत येतच नाही. आणि सिअरपर्यंत पोचायला मागची टोपी उघडावी लागत असेल, तर स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) उघडू नका. कॉक न केलेल्या रायफलीतही मेन स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते, टोपी आणि पिन तोंडावर उडतात.

पुस्तिकेत परवानगी असलेला वजनाचा स्क्रू फिरवायचाच असेल, तर असं करा. बंदूक रिकामी आणि कॉक न केलेली आहे, हे नळी उघडून पाहा. चष्मा लावा. मोबाइलवर फोटो काढा, आणि स्क्रूच्या डोक्यावर व शेजारच्या धातूवर नेलपॉलिशचा एकच ठिपका द्या, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. एका वेळी पाव फेराच, आणि प्रत्येक वेळी कागदावर नोंद. वजन मोजायला सामान तोलायचा आकड्याचा काटा चालतो. तोही नसेल तर अर्धा लिटर पाणी भरलेली बाटली साधारण ५०० ग्रॅम भरते, तीवरून अंदाज येतो. दहा वेळा मोजा. आकडे खूप वरखाली झाले तर पकड एकसारखी नाही.

मग चाचणी. स्प्रिंग रायफल रिकामी उडवली तर पिस्टन पुढे थेट आदळतो, म्हणून छर्रा भरूनच, मागे भक्कम अडसर असलेल्या पेलेट ट्रॅपकडे (छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे) रोखून, वाळूच्या पिशवीवर ठेवून करायची. सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढा, सोडा, बोट बाहेर काढा, सेफ्टी काढा. सुटायला नको. पुढे पहिला टप्पा घेऊन सोडून द्या, ट्रिगर पूर्ण परत यायला हवा. त्यानंतर ट्रिगरपासून बोट दूर ठेवून दस्त्यावर रबरी हातोडीने चारही बाजूंनी टकटक करा. दस्ता जमिनीवर आपटून पाहू नका, नळी तुमच्याच चेहऱ्याकडे असते. हे सगळं किमान दहा वेळा. एकदाही सुटली तर स्क्रू ठिपक्यावर परत.

पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत मेन स्प्रिंगऐवजी साधारण २०० बार दाबापर्यंतची हवा टाकीत असते आणि सिअर फक्त हॅमर (हवेची झडप उघडणारा ठोका) धरतो. तिथे कॉक करताना हॅमर घसरला तर गोळी थेट जाते. मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलींना ड्राय फायरची (छर्रा न उडवता ट्रिगर दाबायची) सोय असते, ट्रिगरचं काम त्याच स्थितीत करा. बाकी पीसीपीत आधी छर्रा बाहेर, मग पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने हवा रिकामी.

किती हलका हवा? १० मीटर एअर पिस्तूलला आंतरराष्ट्रीय नियमाने ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. एअर रायफलला किमान मर्यादा नाही. पण हे नियम अनेक तरफांच्या मॅच ट्रिगरसाठी आणि शिस्तीच्या रेंजसाठी आहेत. अंगणात डबे पाडायच्या रायफलीचा थेट सिअर (मधे तरफा नसलेला) असा हलका करायला बनवलेलाच नसतो. आणि भारतात ४.५ मिमीपर्यंत व २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर वेगाने गेला तर जवळपास तेवढीच ऊर्जा होते. डोळ्यासाठी त्याच्या कितीतरी कमी पुरते.

मूळ जागेवर आणूनही सिअर घसरत असेल तर पुन्हा कॉक करू नका. ट्रिगर गार्डला "कॉक करू नये" अशी चिठ्ठी बांधा, काढलेले मूळ स्क्रू आणि स्प्रिंग पिशवीत घाला, आणि सिअर घासला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला ते आधी सांगा. घासलेला सिअर दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.