वसाहतीतील लहान मैदान: सोलापूरच्या माती-उन्हात ते कसे तयार करावे

वसाहतीतील मोकळ्या जागेचे मैदान करायचे ठरले की बैठकीत पहिला वाद घसरगुंडीच्या रंगावरून होतो. खेळणी शेवटी घ्यावीत, आणि तीही कडेला. लगोरी, आबाधोबी, लंगडी, कबड्डी यांना मोकळ्या जमिनीपलीकडे फारसे काही लागत नाही, आणि मधोमध झोपाळा रोवला की हे सारे खेळ एका दमात हद्दपार होतात.

प्रथम जागा कोणाची आहे ते पाहावे. महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रत घ्यावी आणि तीत ही जागा खुली जागा म्हणून दाखवली असल्याची खात्री करावी. काम महापालिकेच्या जागेवर करायचे असेल तर लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर एक टोपलीही मुरूम टाकू नये.

खरी मेहनत मातीची आहे. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात पाय अडकेल इतकी भेगाळते आणि पावसात चपलेला गोळे होऊन चिकटते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच वरची सुमारे वीतभर माती काढून तेथे मुरूम भरावा. मात्र तो एकदम न ओतता दोन थरांत पसरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा, मोठे दगड वेचून काढावेत आणि पाणी साचू नये म्हणून एका कडेकडे किंचित उतार ठेवावा. वरच्या थराला बारीक, चाळलेला मुरूम वापरल्यास पडल्यावर गुडघे कमी सोलतात. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे हिरवळीचा हट्ट धरू नये. फोटोपुरती ती छान दिसते, एवढेच.

आखणीपूर्वी टेपने जागा मोजावी. कबड्डीचे पूर्ण मैदान 13 बाय 10 मीटरचे असते आणि लहान मुलांना 11 बाय 8 मीटर पुरते. खो-खोला मात्र 27 बाय 16 मीटर लागतात, म्हणून जागा अपुरी असेल तर खांब रोवण्याचा मोह टाळावा. रेषा फक्कीने माराव्यात, म्हणजे त्याच जागेवर उद्या दुसरा खेळ आखता येतो. विटी-दांडू छोट्या मैदानावर नकोच, कारण उडालेली विटी कोणाच्या डोळ्यावर जाईल याचा नेम नसतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी लागते. मुले संध्याकाळी उतरत्या उन्हात खेळतात, म्हणून कडुनिंबाची रोपे पश्चिमेच्या कडेला, पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावावीत आणि भोवती जाळी बसवावी. पत्र्याची घसरगुंडी दुपारभर तापते. ती घ्यायचीच असेल तर उतार उत्तरेकडे ठेवावा आणि सावलीत बसवावी. झोपाळ्याखाली फरशी कधीही घालू नये, तेथे फूटभर वाळू असावी. साखळीच्या कड्या झिजल्या आहेत का, हे दर महिन्याला हाताने चाचपून पाहावे.

नियमांचा फलक एकच आणि छोटा लावावा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषिक कुटुंबे बरीच आहेत, तेथे त्यावर मराठीसोबत तेलुगूही लिहावे; मुलांना त्याची गरज नसते, आजी-आजोबांना असते.

गणपती आणि नवरात्रात मंडप पडणारच, तेव्हा त्यावरून भांडण्यापेक्षा सोय करावी. मंडपाच्या खांबांसाठी कडेला लोखंडी नळ्या जमिनीच्या पातळीत काँक्रीटमध्ये बसवून त्यांना झाकणे करावीत, म्हणजे दरवर्षी नवे खड्डे खणले जात नाहीत. मंडप उतरल्यावर दोरीला मोठे लोहचुंबक बांधून ते सगळ्या मैदानावरून आधी उभे, मग आडवे ओढावे. झाडूला न सापडलेले खिळे आणि तारेचे तुकडे त्याला चिकटून येतात. हे काम मुले मैदानात उतरण्याआधी उरकावे.